एकवीस दिवसांची हजेरी

ओट्यावरचं झाकण घसरलं आणि फरशीवर गरगरत, आवाज बारीक करत करत एकदाचं निपचित पडलं. दुपारच्या शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. तिने श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. तिची लेक, चिमणी, झोपलेलीच होती. चार वर्षांच्या त्या जिवाच्या गालांवर कांजिण्यांचे डाग अजून होते, आता फिके पडलेले.

सुटले, असं मनाशी म्हणत तिने मांडीवरचा फोन पुन्हा पाहिला. लॉ कॉलेजचा हजेरीपट आला होता. शेवटचं वर्ष, पंच्याहत्तर टक्क्यांची अट, आणि चिमणीच्या दुखण्यात तिचे सलग एकवीस दिवस बुडालेले. नवरा परगावी कामाला, पोरीला टाकून जाणार कशी? पहिल्याच दिवशी तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट रजेचा अर्ज पाठवला होता. तरी धाकधूक होतीच. परीक्षा हुकली की वर्ष गेलं, आणि हा सगळा गाडा पुन्हा ओढायचं त्राण आपल्यात नाही, हे ती जाणून होती.

पटावर मात्र एकवीसच्या एकवीस दिवस ती हजर होती.

तिला हसू आलं. पोरांनी आपल्या नावाने प्रॉक्सी मारली तर.

दुसऱ्या दिवशी चिमणीला खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या हवाली करून ती कॉलेजात गेली. वर्गात तिला सगळे काकू म्हणत, कारण बाकीच्यांपेक्षा ती आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिच्या टोळक्यात दोघंच. हातातलं प्रत्येक काम पुढे ढकलणारा ‘पुढची तारीख’, आणि चहात साखर जास्त झाली तरी आक्षेप नोंदवणारी ‘हरकत’.

“कुणाची ही कृपा?” तिने कॅन्टीनच्या टेबलावर तीन कप ठेवत विचारलं. “माझी हजेरी कोण लावत होतं?”

“चहा घेतो,” पुढची तारीख म्हणाला, “पण तुमची हजेरी तुम्हीच लावलीत की.”

“थट्टा पुरे रे.”

“हरकत आहे,” हरकत म्हणाली. “काकू, मी रोज तुमच्या शेजारी होते. तिसरा बाक, खिडकीपाशी. बोलायच्या नाहीत फारशा, एवढंच. एकदा हात लागला तर बर्फासारखा गार. मी विचारलंसुद्धा, बरं नाही का म्हणून.”

“मग मी काय म्हणाले?”

“म्हणालात, घरी लेक आजारी आहे.” हरकतने पिशवीतून एक वही काढली. “आणि ही तुमची वही. माझ्याकडेच राहिली.”

अक्षर तिचंच होतं. घाईत काना सोडून द्यायची तिची खोडसुद्धा होती. पुरावा कायद्याच्या तासाचं टिपण होतं ते: एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. समासात अंगठ्याचा गुलाबी ठसा उमटला होता. चिमणीच्या फोडांना लावायच्या लोशनचा. तो रंग तिने एकवीस दिवस बोटांवर वागवला होता, पण घरी.

दोघांच्याही चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

ऑफिसातून बोलावणं आलंच. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. “बाई, तुमचा रजेचा अर्ज आहे आणि हजेरीही आहे. दोन्ही खरं कसं?”

“हजेरी चुकून...” ती म्हणाली.

“चुकून असेल तर खोडतो. मग सवलतीसाठी समितीकडे जा. समिती परीक्षेनंतर बसते.” त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. “नाहीतर अर्ज मागे घ्या आणि शपथेवर लिहून द्या, जातीने हजर होते म्हणून. दोन साक्षीदार आणा, झालं.”

साक्षीदार दारातच उभे होते. पुढची तारीखने आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम ताबडतोब केलं. हरकतने कसलीही हरकत न घेता सही ठोकली. दोघंही मनापासून खरं सांगत होते. त्या खोलीत खोटं बोलणारी ती एकटीच.

शेवटची ओळ तिने दोनदा वाचली: ‘सदर दिवसांत मी अन्य कोठेही नव्हते.’ रात्र-रात्र मांडीवर तापलेलं ते डोकं आठवलं. मग परीक्षेची तारीख आठवली आणि तिने सही केली. सही करताना बोटं एकदम गार पडली.

घरी आली तर जिन्यात मावशी उभ्या, हातात भाजीची पिशवी.

“अगं, पुन्हा कुठे गेली होतीस?”

“पुन्हा म्हणजे?”

“तासाभरापूर्वी आलीस ना? म्हणालीस, मावशी तुम्ही जा आता, मी बसते तिच्यापाशी.” मावशींनी तिला नीट न्याहाळलं. “जेवत जा गं वेळेवर. चेहरा बघ कसा झालाय.”

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं, पलंगावर चिमणी तेवढी मांडी घालून बसली होती. जुन्या डागांवर कुणीतरी निगुतीने, एकेका टिपक्यावर, ओलं गुलाबी लोशन लावलं होतं. ती बाटली तर मागच्याच आठवड्यात रिकामी झाली म्हणून तिने टाकून दिली होती.

तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं. चिमणी शहारली.

“तुझे हात गार लागतात,” ती म्हणाली. “मघाच्या आईचे ऊन होते.”

“मीच तुझी आई, चिमणे. दुसरी कुणी नाही.”

“ती म्हणाली, मी आजारी होते तेव्हा तीच बसली होती माझ्याजवळ. तू नव्हतीस. तू तसं लिहून दिलंयस म्हणे.”

तिच्या खांद्याला कागदांची पिशवी लटकत होती. आत शपथपत्राची प्रत होती, सहीशिक्क्यासकट.

चिमणीने मान मागे घेऊन तिच्या डोळ्यांत पाहिलं.

“आई, तू तेव्हा खरंच कॉलेजात होतीस का गं?”