वीरराजूच्या बायकोचं माहेर

आमच्या नव्या घराच्या न्हाणीघरातलं पाणी मोरीकडे जायचंच नाही, ते थेट अम्माच्या पलंगाकडे यायचं. राजमहेंद्रीत हे घर बांधलं ते तिच्याचसाठी. तिचे गुडघे धरलेले, म्हणून तळमजल्यावर खोली आणि खोलीला लागूनच न्हाणीघर. गृहप्रवेशाचा मांडव उतरतो न उतरतो तोच ती ओल्या फरशीवरून घसरली. हाड वाचलं, पण धीर गेला. तेव्हापासून ती भिंत धरून चालायची आणि ते बघून माझं डोकं फिरायचं.

घर बांधणारा वीरराजू मोठा गोड माणूस. इतका गोड, की त्याला मुंग्या कशा लागत नाहीत याचंच नवल. फोन केला की म्हणायचा, "उद्या मिस्त्री पाठवतो, मास्तर." त्याचे सगळे उद्या गोदावरीत वाहून जायचे. शेवटी मी त्याला बाजारात गाठला, स्कूटरवर मागे बसवला आणि घरी आणून त्याच्यासमोर बादली उपडी केली. पाणी त्याच्या चपला भिजवून पलंगाखाली शिरलं.

"नवं घर आहे, मास्तर," तो पाय झटकत म्हणाला, "बसेल हळूहळू."

"घर बसेपर्यंत आई अंथरुणाला खिळेल, त्याचं काय?" मी ओरडलो.

अम्माने मला हातानेच गप्प केलं. माणूस कुठलाही असो, त्याचं गाव आणि सासर विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"बाबू, सासर कुठलं रे तुझं?"

"चिंतलपालेम, अम्मा. दुर्गय्यांची मंगतायारू."

अम्मा भिंत सोडून उभी राहिली. "अय्यो! ते तर माझं माहेर! दुर्गय्याचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. म्हणजे तुम्ही आमचे जावईच की हो!"

'तू'चा 'तुम्ही' झाला आणि माझा घात झाला. आमच्याकडे गावची लेक ज्याला दिली तो अख्ख्या गावाचा जावई, आणि जावयावर आवाज चढवायची सोय नाही. माझ्या बायकोने, कस्तुरीने, केळीचं पान मांडलं. कोंबडीच्या रश्शात बुडवलेले वडे, गोंगुराची म्हणजे अंबाडीची चटणी, भातावर तुपाची धार, आणि शेवटी कागदासारखे पातळ, तोंडात विरणारे गोड पुतरेकुलू. वीरराजू नको नको म्हणत सगळं जेवला आणि ढेकर देऊन म्हणाला, "उद्या नक्की, मास्तर."

दुसऱ्या दिवशी खरंच दारात कोणीतरी उभं. मिस्त्री नाही, जावईबापूच. जेवायला!

पुढे तो येतच राहिला. चटणीत मीठ कमी आहे हेही सांगू लागला. मी दात ओठ खात त्याला वाढायचो. एकदा तो गेल्यावर माझा तोल सुटला. "अम्मा, हा घर पोखरून खातोय आणि तू त्याला तूप वाढतेस!"

"जावयाला बोलता येत नाही," अम्मा शांतपणे म्हणाली, "पण लेकीला माहेरपणाला बोलावता येतं ना?"

मंगतायारू आली ती पिशवी घेऊनच. भरदार बाई, हसली की कपाटातली भांडी वाजायची. अम्माने तिला आपल्याच खोलीत ठेवलं. सकाळी न्हाऊन ती बाहेर आली, खाली पाहिलं, तर पाणी तिच्याआधी पलंगापाशी पोचलेलं. साडीचा घोळ वर खोचून ती हसत सुटली.

"पिन्नी, हे काम आमच्याच माणसाचं! डोळे मिटून ओळखलं असतं. आमच्या घरीही अस्संच, बादली ओतली की देव्हारा भिजतो. मला पण सांगतात, उद्या!"

पिन्नी म्हणजे मावशी. नातं आता दोन्ही बाजूंनी पक्कं झालं होतं. तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "मी माहेरी आहे. माझ्या माहेरची फरशी उलटी आहे. सुलटी झाली की येते."

हाताने भात करपवून खाल्ल्यावर वीरराजू बायकोला न्यायला आला. अम्माने स्वागतात काही कमी ठेवलं नाही. फक्त पान मांडलं आपल्या खोलीत, न्हाणीघराच्या दारासमोर. तो पहिला घास घेतो तोच आत मंगतायारूने मोठा हंडा कलंडवला. पाणी आलं, पान उचललं आणि वडे, भात, चटणीसकट घेऊन पलंगाखाली निघालं. जावईबापू मांडी घालून तसेच बसलेले, धोतर चिंब.

"नवं घर आहे," कस्तुरी म्हणाली, "बसेल हळूहळू."

मला इतकं हसू आलं की चौकट धरावी लागली. वीरराजू पलंगाखालच्या वड्याकडे बघत राहिला आणि मग स्वतःही खो खो हसायला लागला. त्याच दुपारी मिस्त्री आले. फरशी उखडली, उतार नवा काढला.

सिमेंट वाळल्यावर अम्माने स्वतः तांब्या ओतला. पाणी शहाण्या मुलासारखं मोरीत गेलं. ती न्हाणीघरातून पलंगापर्यंत चालत आली. हात भिंतीला नाही, पाऊल कोरडं. मी मुलांना गणित शिकवणारा कडक मास्तर, पण तिथे सगळ्यांसमोर रडलो आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

"चल मग आता घरी," वीरराजूने बायकोची पिशवी उचलली.

मंगतायारूने ती काढून घेतली. "आणि आपला देव्हारा?"

वीरराजूने तोंड उघडलं. त्यातून कोणता शब्द येणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अम्माने तो येऊच दिला नाही.

"लेकीला साडी नेसवून, ओटी भरून पाठवायची असते, जावईबापू. साडी आणून ठेवलीय. तुमच्याकडचं पाणी मोरीत गेलं की नेसवते." मग तिने आत वळून हाक मारली, "कस्तुरी, पान एकच मांड गं. जावई कामावर निघालेत."