धावजीची हाळी

बोरी अरबच्या बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला आणि त्यात चालू असलेल्या सिनेमात एका माणसाचा गळा अगदी जवळून कापलेला दिसतो, ही वार्ता कापसाच्या गाड्यांबरोबर आसपासच्या गावांत पोहोचली. असले दृश्य पाहावे की पाहू नये, याविषयी मतभेद होते. मात्र मतभेद असलेली सर्व माणसे पहिल्याच आठवड्यात तंबूत जाऊन बसली, हे नमूद केले पाहिजे.

जवळच्या बंजारा तांड्यातून धावजीही गेला. त्याचे स्वतःचे असे मत नव्हते. तांडा निघाला म्हणून तो निघाला. तसा तो कशातही उठून दिसणारा माणूस नव्हता. नांगर बरा धरी, गाणे वाईट म्हणे, आणि पंचायतीत बसला तर कोणी त्याला विचारीत नसे. परंतु माघातल्या एका मंगळवारी समकी मातेपुढे तांड्याचा बोकड पडे, तो धावजीच्या हाताने. सुरीचा हा मान त्याला बापाकडून आला होता. त्या एका सकाळी सगळा तांडा त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राही.

सिनेमाच्या गोष्टीत बोकड कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु बोकडाची रीत सांगितल्यावाचून तंबूत काय घडले ते समजणार नाही. बोकडाला न्हाऊ घालून देवीसमोर उभे करीत आणि त्याच्या पाठीवर तांब्याने पाणी शिंपडीत. मग कोणी बोलायचे नाही. बोकडाने डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडले, म्हणजे त्याने होकार दिला आणि देवीने त्याला स्वीकारले. ते झाडणे पाहून सुरीवाल्याने हाळी द्यायची: "झाडलं!" जमलेल्यांनी एका आवाजात उत्तर द्यायचे: "झाडलं!" उत्तराशिवाय हाळी व्यर्थ, हाळीशिवाय उत्तर व्यर्थ. दोन्ही झाल्यावरच सुरी उचलायची आणि घाव एकच.

आता सिनेमा. त्यात एक मोठा व्यापारी थंडीच्या सकाळी अंगणात खुर्ची टाकून दाढीला बसतो. आलेला न्हावी हा न्हावी नसून वैरी आहे, हे प्रेक्षकांना ठाऊक असते, व्यापाऱ्याला नसते. तंबूतली माणसे त्याला परोपरीने सावध करीत होती. "मांगं पाह्य, मांगं!" असे कोणी ओरडले. एकाने पडद्यावर चप्पल फेकली आणि पुढचा सगळा सिनेमा तो ती शोधत राहिला. न्हाव्याने वाटीतले पाणी ओंजळीत घेतले आणि व्यापाऱ्याच्या मानेवर शिंपडले. व्यापारी शहारला. खांदे हलले, मान हलली, सर्वांग हलले. तो डोळे मिटून हसलादेखील.

"झाडलं!" धावजी म्हणाला.

त्याने ते म्हणायचे ठरवले नव्हते. इतक्या वर्षांच्या सवयीने शब्द बाहेर पडला, आणि तितक्याच वर्षांच्या सवयीने तंबूत विखुरलेला तांडा एका आवाजात उत्तरला, "झाडलं!"

वस्तरा फिरला. पडदाभर गळा दिसला, मग उघडे डोळे, मग वाटीतल्या पाण्यात उतरणारे रक्त. सिनेमा रंगीत नसल्यामुळे ते काळे होते. बाया पदर तोंडात धरून बसल्या. मागे दोघांत वाद लागला की दाढीच्या वस्तऱ्याने असा गळा कापला जातो की नाही. धावजी मात्र शेजारी बसलेल्या नागोरावच्या मांडीवर आडवा झाला.

नागोराव हा बोरीच्या बौद्ध वस्तीतला. जिनिंगमध्ये दोघे एकाच गंजीवर कापूस तुडवीत. त्याने धावजीला उचलून बाहेर आणले आणि डोक्यावर बादली रिकामी केली.

"काय गा, आम्ही छप्पन साली बकरे कापनं सोडलं, तवा कोनाले चक्कर नाही आली," तो म्हणाला. "तू तर न सोडताच पडून राह्यला."

"मेला काय तो?" धावजीने विचारले.

"कोन?"

"खुर्चीवरचा."

"अरे, नाटक आहे ते! उद्या पुन्हा येईन अन् दाढीले बसन."

"रोज कापतात त्याले?"

"रोज," नागोराव म्हणाला. आपण धीर देत आहोत, अशी त्याची समजूत होती.

तांड्यात या घटनेचा अर्थ दुसऱ्याच दिवशी लागला. तिथले बोलणे गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, होई. ते येथे वऱ्हाडीत दिले आहे. धावजीचा चुलतभाऊ गुलाबसिंग तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, अंगणात जाऊन बसला. त्याचा हात मजबूत होता, त्याची सुरीवर पूर्वीपासून नजर होती, आणि त्याने ही गोष्ट कधी लपवली नव्हती.

"रक्ताचं चित्र पाहून जो पडते, तो खरं रक्त कसा पाहीन?" तो म्हणाला. "अर्ध्या घावात धावजीभाया आडवा झाला, तर बोकड तसाच फिरन तांडाभर. देवी कोनाले विचारन? तुमाले, नायक!"

भावसिंग नायक म्हातारा होता आणि घाईने निवाडा देणे त्याला कमीपणाचे वाटे. त्याने धावजीला बोलावले.

"काहून पडला रे?"

खरे कारण सांगितले तर सुरी जाईल, न सांगितले तरी जाईल, असे धावजीला दिसत होते. "धूर होता बिड्यांचा," तो म्हणाला.

"बिड्या तर तूच फुकून राह्यलता," गुलाबसिंग म्हणाला.

नायकाने पुष्कळ विचार करून निवाडा दिला. धावजीने तोच सिनेमा पुन्हा पाहावा. तांड्याने साक्षीला बसावे. गळा कापताना धावजी ताठ बसला तर सुरी आणि हाळी दोन्ही त्याची, आणि मग त्यावर कोणी तोंड उघडायचे नाही. पडला तर दोन्ही गुलाबसिंगाची. गुन्ह्याची परीक्षा गुन्हा पाहून घ्यावी, हे न्यायाला धरून आहे की नाही, याची चर्चा करता येईल. तांड्याने ती केली नाही, कारण सिनेमा पुन्हा पाहायला मिळत होता.

घरी सोनीबाईने नवऱ्यापुढे भाकर ठेवली. ती तशीच राहिली.

"सुरी जाईन म्हणून झुरता काय?" तिने विचारले. "जाऊ द्या. वर्सातून एक बोकड."

"त्याच्यासाठी नाही." धावजीने आवाज उतरवला. "पानी टाकलं. तो हलला. मी हाळी देली. तुमी सगळ्यांनी देली. मंग कापलं. हाळी नसती तर?"

"हाळी नसती तरी कापलं असतं. मशीनवर चालते ते."

"असन. पन मी देली ना."

"मी पन देली," ती म्हणाली. "मी तर जेवली."

"एवढंच नाही वं. तो हलला तो पान्यानं हलला. थंडीचे दिवस. गार पानी मानेवर पडलं तर तूही हलशीन. त्याले कोनी कायी विचारलंच नव्हतं." त्याने भाकर बाजूला सारली. "आपल्या बोकडाले मी तांब्या कुठून भरतो? विहिरीवरून. सकाळच्या पारी. माघात."

सोनीबाईने भाकर झाकून ठेवली.

परीक्षेच्या संध्याकाळी धावजीला तंबूत पुढे बसवले. एका बाजूला नायक, दुसऱ्या बाजूला गुलाबसिंग. गुलाबसिंगाने बॅटरी आणली होती आणि तिचा झोत त्याने धावजीच्या तोंडावर धरला. "बॅटरी बंद करा!" असे मशीनवाला पुनःपुन्हा ओरडत होता, त्याला न्यायाच्या कामाची कल्पना नव्हती. सगळा तांडा पडद्याकडे पाठ करून धावजीकडे पाहत बसला. त्यामुळे त्या खेळाला व्यापाऱ्याचा खून तांड्यापैकी एकट्या धावजीने पाहिला.

न्हाव्याने पाणी शिंपडले. व्यापारी शहारला. शब्द धावजीच्या जिभेवर आला, हे त्याच्या ओठांवरून सर्वांना दिसले. त्याने तो गिळला. मग तो उभा राहिला आणि पडद्याला उद्देशून, पंचायतीत कधी काढला नव्हता अशा आवाजात म्हणाला,

"हे झाडनं नोहे! पानी गार होतं!"

वस्तरा ठरल्याप्रमाणे फिरला. धावजी उभाच होता. मागून कोणीतरी "बस ना बे, दिसत नाही!" म्हटल्यावर तो बसला.

"ताठ राह्यला," नायक म्हणाला. "सुरी धावजीची. हाळी धावजीची."

गुलाबसिंगाने बॅटरी विझवली.

मंगळवार उजाडला तो चांगल्याच थंडीचा. समकी मातेपुढे बोकड न्हाऊन उभा होता. चूल पेटली होती, मसाला वाटून झाला होता, रक्ताची सळोई शिजवण्याचे भांडे बाजूला मांडले होते. धावजीने सुरी देवीसमोर ठेवली, तांब्या उचलला आणि बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडले. बोकड लगेच थरथरला.

तांड्याने धावजीच्या तोंडाकडे पाहिले.

"पानी गार आहे," धावजी म्हणाला. "सोने, ऊन पानी आन."

"ऊन पानी?" गुलाबसिंग म्हणाला. "जावई आहे काय तो? साबन पन आना म्हना! न्हावी पन बोलवा!"

न्हाव्याचे नाव निघताच हसू पसरले आणि तसेच विरले. सोनीबाईने चुलीवरचे पाणी आणले, हात घालून पाहिले आणि धावजीला दिले. ते पाठीवर पडल्यावर बोकडाला बरे वाटले असावे. तो स्वस्थ उभा राहिला. मग बसला. मग रवंथ करू लागला.

"कानात घाला दोन थेंब," गुलाबसिंग म्हणाला. "तुमचा बाप घालत होता. तुमी पन घातलं आहे."

"घातलं आहे," धावजीने मान्य केले. "आता नाही घालत."

"नायक, सांगा याले!"

नायक संकटात होता. निवाडा त्याचाच होता आणि चारचौघांत दिलेला होता. "हाळी त्याची आहे," तो म्हणाला. "थांबा."

तांडा थांबला. ऊन वर चढले. म्हाताऱ्या टेकल्या, पोरे रडू लागली, चुलीतली लाकडे संपत आली. बोकड उन्हात डोळे मिटून बसला होता आणि अंग झाडण्याचे त्याला काही कारण नव्हते. शेवटी नायकाने देवीला हात जोडले, उशिराबद्दल माफी मागितली आणि तोवर गोड करा म्हणून सांगितले. मसाला झाकला गेला. गुळाची लापशी शिजली, देवीला दाखवली आणि पंगत बसली. गुलाबसिंगही बसला, त्याला भूक लागली होती. लापशी चांगली झाली होती, आणि हे त्याने दोनदा वाढून घेऊन कबूल केले.

पंगत अर्ध्यावर आली असता बोकड उठला. त्याने पुढचे पाय ताणले, मागचे ताणले, आणि कोणी थेंबभरही पाणी टाकले नसताना डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळे अंग झाडले. त्याच्या गळ्यातली घुंगरे वाजली. असे निखालस झाडणे तांड्यातल्या जाणत्यांनीही पूर्वी पाहिले नव्हते.

घास हातात राहिले. धावजी पानावरून उठला. सुरी देवीसमोर पडली होती. हे पाणी नव्हते, थंडी नव्हती, कानातले दोन थेंब नव्हते. जे खरे आहे ते म्हणणे त्याला भाग होते, कारण हाळी त्याची होती.

"झाडलं," धावजी म्हणाला. आवाज बारीक होता, पण सर्वांना ऐकू गेला.

उत्तर आले नाही. सोनीबाई वाढण्याचे भांडे धरून उभी होती. तिने ओठ मिटले. बाया एकमेकींच्या पानांकडे पाहू लागल्या. गुलाबसिंगाने तोंड उघडले, उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, आणि उघडलेल्या तोंडात घास घातला. पोटे भरल्यामुळे तांडा गप्प राहिला, असे गुलाबसिंग पुढे सांगे. त्याचे स्वतःचे पोट भरले होते, हे खरे आहे.

धावजी थांबला. रीतीप्रमाणे जितके थांबायचे त्याहून थोडे अधिकच थांबला. मग त्याने सुरी उचलून फडक्यात गुंडाळली, कमरेला खोचली आणि पानावर येऊन बसला.

"उत्तर नाही, तर हाळी नाही," नायक म्हणाला. "सोनी, वाढ वं. धावजीले पहिले वाढ. सकाळपासून उभा आहे तो."

धावजीने त्या दिवशी पोटभर खाल्ले.