धक्का न देणारी बंदूक

सोमवारी सकाळी नेडा हॅस्किनला मेंढवाड्यामागच्या उतारावर तीन कोकरं सापडली. दोघांची पोटं फाडलेली होती. तिसऱ्याचा नुसता गळा फोडून ते तसंच टाकून दिलं होतं, एक घासही खाल्ला नव्हता. त्या तिसऱ्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. भूक समजते, पण ही नासधूस कुठल्या हिशेबात धरायची? मे महिन्यात वायोमिंगच्या त्या माळावर मेंढ्या वितात तशा लांडग्याच्या जातीच्या कायोटीही वितात. त्यांच्याही बिळात पिल्लं वाट बघत असतात, हे नेडाला ठाऊक होतं. ठाऊक असून तिला त्यांची कणभर दया येत नव्हती.

तिनं तिन्ही कोकरं पोत्यात भरली आणि विण्याच्या शेडमध्ये आली. तिथे तिचा दीर वेंडेल गुडघ्यावर बसून एका पोरक्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होता.

"अजून तीन," ती म्हणाली. "वेंडेल, आता बंदूक घ्यावी लागेल."

वेंडेलनं मान वर न करता बाटली जरा तिरकी केली. 

"मला काय हौस आहे का? दोन वर्षं मी हा विषय काढला नाही. सापळे लावून झाले, दिवे लावून झाले, राखणीला ते गाढव आणलं तर तेच शेपूट घालून पळून गेलं. आणखी महिनाभर हे असंच चाललं तर शरदात विकायला उरणार काय, लोकर?"

"बघू," तो म्हणाला.

"बघू नाही. आजच जाऊ."

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, वेंडेलच्या गोळीनं नेडाचा नवरा ऑरिन मेला होता. दोघे भाऊ कायोटी मारायला गेले होते. अशा शिकारीत एक माणूस दबा धरून बसतो आणि जखमी सशाच्या केकाटण्यासारखी शिट्टी वाजवतो. ते ऐकून कायोटी येते. ऑरिन शिट्टीवाला. त्या दिवशी वाऱ्यानं दिशा बदलली म्हणून तो ठरलेली जागा सोडून ओघळीच्या पलीकडे, सेज नावाच्या राखाडी रानझुडपात जाऊन बसला आणि भावाला सांगायचं राहिलं. डोक्यावर कायोटीच्याच कातड्याची टोपी. ती नेडानं स्वतः शिवली होती, कान झाकणारी, नाताळला. वेंडेलला झुडपात राखाडी केस हललेले दिसले.

वेंडेलनं शेरीफला जे सांगितलं तेच नेडाला सांगितलं. गोळी झाडली, बंदुकीनं धक्का दिला, तिच्यावरची दुर्बीण वर उडाली. परत डोळा लावला तर समोर काहीच नाही. वाटलं, नेम चुकला. मग तो तसाच बसून राहिला, कारण चुकलेल्या गोळीनंतर न हलता बसलं तर कधीकधी जोडीदारीण येते. चाळीस मिनिटांनी उठून गेला तेव्हा ऑरिन दिसला. डॉक्टर म्हणाला होता की गोळी फुफ्फुसातून गेली, पण ऑरिन लगेच गेला नसावा, अर्धा तास तरी धुगधुगी असावी.

त्या अर्ध्या तासानं नेडाला पुष्कळ छळलं. पण त्यावर तिच्याकडे एक वाक्य होतं आणि त्या वाक्याच्या आधारावर ती उभी राहिली होती: वेंडेलला माहीतच नव्हतं. चर्चमधल्या बायका कुजबुजल्या तेव्हा तिनं त्यांना हेच सुनावलं. आई कॅस्परहून येऊन म्हणाली, मेंढ्या विक, त्या माणसाचं तोंड बघू नकोस, तेव्हा आईलाही हेच. आणि वेंडेल तरी कसा वागला होता! बैलासारखा राबला. दोन वर्षांत एक रविवार घेतला नाही. अंगणापलीकडच्या डब्यासारख्या घरात एकटा राहिला, दारूला शिवला नाही. ती बंदूक त्यानं तळ्यात फेकून दिली. नेडा सगळ्यांना सांगायची, वेंडेल नसता तर मी केव्हाच गाशा गुंडाळला असता. ते खरंच होतं.

मर्ल टॉबिनच्या दुकानात बंदुका, घोड्यांची औषधं आणि मेंढ्यांचं मीठ एकाच छताखाली मिळायचं. शेगडीपाशी म्हातारा क्लीट नेहमीच्या खुर्चीत कॉफी पीत बसला होता. त्याला घरी कोणी विचारत नसे, म्हणून तो इथे येऊन जगाला अक्कल शिकवायचा.

"ये नेडा. अरे, आणि वेंडेल!" मर्लचा आवाज जरा चढाच लागला. "काय देऊ?"

"कायोटीसाठी बंदूक," नेडा म्हणाली. "कोकरं मारताहेत."

"सगळीकडे तेच चाललंय. कुठलं कॅलिबर मनात आहे?"

"दोनशे त्रेचाळीस," वेंडेल पटकन म्हणाला. गाडीत बसल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

"कायोटीला?" शेगडीपाशी क्लीट खिदळला. "मग तोफच ने की! हरीण मारायचंय का तुला? कातडं राहणार नाही हातात."

"कातडं कोणाला हवंय?"

"तसं नव्हे रे," मर्ल म्हणाला. "दोनशे त्रेचाळीस वाईट नाही. वाऱ्यात गोळी सरळ जाते, लांबवर मारते. पण धक्का बसतो. तुझा तो दुखरा खांदा, शिवाय नेडा कधी वापरणार असेल तर..."

"मला धक्का चालतो."

"चालतो म्हणजे काय? धक्का कोणाला हवा असतो?"

"मला हवाय," वेंडेल म्हणाला.

नेडानं त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हा स्वतःला शिक्षा करतोय. असले खुळे हट्ट तो करायचा, थंडीत हातमोजे न घालता तारा ओढायचा. तिला बंदुकीतलं काही कळत नव्हतं. ती दातांच्या डॉक्टरची मुलगी, शहरातली. लग्न करून आल्यावर अडलेली मेंढी सोडवायला शिकली, लोकर निवडायला शिकली, पण बंदूक हे भावाभावांचं खातं होतं. म्हणून ती मर्लला म्हणाली, "त्याचं सोड. तुझा भाऊ असता तर तू काय दिलं असतंस?"

मर्ल बिचारा विक्रेता होता. असा प्रश्न विचारला की विक्रेत्याची गाडी सुटते. त्यानं मागच्या फळीवरून एक बंदूक काढून काचेवर ठेवली.

"ही घे. दोनशे तेवीस, जड नळीची. गोळी हलकी, पण अडीचशे पावलांपर्यंत कायोटीला पुरून उरते. आणि हिची खरी गंमत माहितीये? धक्काच नाही. बंदूक जागची हलत नाही, दुर्बीण डोळ्यावरून सरकत नाही. गोळी लागताना समोर सगळं दिसतं, अगदी केस उडालेले दिसतात. नेम चुकला की लागला, हा प्रश्नच राहत नाही. वेंडेलला विचार ना, त्याची ती आधीची हीच तर..."

मर्लचं तोंड उघडंच राहिलं.

क्लीटनं कॉफीच्या कपात नाक खुपसलं. वेंडेल काचेखालच्या सुऱ्यांकडे बघत होता. नेडानं आधी मर्लकडे पाहिलं, मग क्लीटकडे, आणि त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून तिला एकदमच दोन गोष्टी कळल्या. पहिली वेंडेलबद्दल होती: त्याच्या त्या बंदुकीनं धक्का दिलाच नसणार. दुसरी अशी की या गावात घरटी तीन बंदुका आहेत, आणि शेरीफपासून पाद्र्यापर्यंत प्रत्येकाला पहिली गोष्ट दोन वर्षांपासून ठाऊक होती. सगळे मूग गिळून बसले होते. ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून "त्याला माहीतच नव्हतं" म्हणायची तेव्हा ते मान डोलवायचे. दयेनं डोलवत असतील. त्या दयेची तिला आत्ता किळस आली.

"ही देऊन टाक," ती म्हणाली.

"नेडा, मी म्हणजे... सगळ्याच बंदुका काही सारख्या नसतात..."

"मर्ल, फॉर्म दे."

फॉर्मवर विचारलेलं असतं की बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना. वेंडेलनं सवयीनं पेन उचललं होतं. नेडानं ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं, 'होय'समोर खूण केली आणि खाली आपलं नाव लिहिलं. मर्लनं कायद्याप्रमाणे फोनवर तिची माहिती तपासून घेतली.

गावाबाहेर पडल्यावर गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीपाशी तिनं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"दिसलं होतं?"

वेंडेल खिडकीबाहेर बघत राहिला.

"वेंडेल, मी तुला विचारतेय. दुर्बिणीत दिसलं होतं का?"

"टोपी उडाली," तो म्हणाला. "टोपी उडाली आणि खाली त्याचे केस दिसले. पिवळे. मग तो कुशीवर पडला."

"म्हणजे पहिल्या क्षणापासून."

"हो."

"आणि तू बसून राहिलास."

"मला उठता येईना, नेडा. पायच नव्हते मला. मी म्हटलं, मी जाऊन पाहत नाही तोवर ती कायोटीच आहे. जाऊन पाहिलं की मग..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मी घड्याळ बघत होतो. दर पाच मिनिटांनी म्हणायचो, आता उठतो."

नेडाला वाटलं, संपलं. याहून वाईट काही उरलं नसेल. पण वेंडेलला आता थांबता येत नव्हतं. दोन वर्षं तोंडाला लावलेलं कुलूप निघालं होतं.

"तो शिट्टी वाजवत होता," तो म्हणाला.

"काय?"

"फुफ्फुस गेलेलं. ओरडायला दम नव्हता. गळ्यातली शिट्टी वाजवत होता. सशाची. मला बोलवायला. आधी जोरात, मग थांबून थांबून. मला वाटतं, अर्धा तास तरी. मग बंद झाली. बंद झाल्यावर मला उठता आलं."

नेडा गाडीतून उतरली. रस्त्याच्या कडेला गेली आणि कुंपणाची तार धरून उभी राहिली.  माळावर वारा होता, कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या, आणि तिला रडू येत नव्हतं. वेंडेलला मारावं असंही वाटलं नाही. फक्त एवढंच वाटलं की ज्या माणसाच्या ताटात तिनं दोन वर्षं वाढलं, तो माणूस कधी नव्हताच. मग ती येऊन गाडीत बसली आणि गाडी सुरू केली. मेंढ्या कोणासाठी थांबत नाहीत. संध्याकाळपर्यंत दोन अडल्या होत्या, आणि त्या दोघांनी मिळूनच सोडवल्या. एकानं धरायची, एकानं ओढायचं. 

पुढचे तीन दिवस ती दुपारी धान्याच्या कोठारामागे जाऊन डब्यांवर गोळ्या झाडत होती. मर्ल खोटं बोलला नव्हता. बंदूक हलत नव्हती, आणि दुर्बिणीत डबा उडताना दिसायचा. भोक कुठे पडलं तेही दिसायचं.

शुक्रवारी उजाडता उजाडता ती ओघळीपाशी गेली. खडकाची जागा तिला माहीत होती, शेरीफनं तेव्हा दाखवली होती. वेंडेल बसला होता तिथेच ती बसली. समोर, ओघळीच्या पलीकडे, ते सेजचं झुडूप होतं. तिनं खिशातून ऑरिनची शिट्टी काढली. दवाखान्यातून त्याच्या अंगठी आणि पट्ट्याबरोबर आली होती. तिनं ती दोन वर्षं खणात ठेवली होती आणि चुकूनही ओठाला लावली नव्हती.

तिनं फुंकलं. आवाज इतका केविलवाणा निघाला की ती स्वतःच थांबली. मग पुन्हा फुंकलं. ऑरिन सांगायचा तसं, मध्ये मध्ये थांबून, जीव जात असल्यासारखं.

पाव तासानं कायोटी आली. हाडकुळी, मानेवरचे केस झडलेले. झुडपापाशी येऊन उभी राहिली आणि आवाजाच्या दिशेनं, म्हणजे थेट नेडाकडे, बघायला लागली. नेडानं घोडा दाबला.

सगळं दिसलं. खांद्यावरचे केस उडाले, कायोटी बसकण मारून खाली गेली, मग कुशीवर पडली आणि पाय झाडायला लागली. दुर्बिणीत तिचं उघडं तोंडसुद्धा दिसत होतं. नेडाच्या पायांत खरोखरच जोर नव्हता. वेंडेल त्याबाबत खोटं बोलला नव्हता. तिनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, बंदुकीचा आधार घेतला आणि उठली.

ओघळ खोल नव्हती. ती उतरली, दगडांवरून दोनदा घसरली, पलीकडे चढली. कायोटी अजून श्वास घेत होती. नेडानं जवळून दुसरी गोळी घातली. मग पुन्हा घड्याळात पाहिलं.

ती परत आली तेव्हा वेंडेल शेडच्या दारात बसून त्याच पोरक्या कोकराला पाजत होता. त्यानं गोळ्यांचे आवाज ऐकले असणार. शिट्टीही ऐकली असणार, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"त्या खडकापासून झुडपापर्यंत मी चालत गेले," नेडा म्हणाली. "बावन्नाव्या वर्षी, रबरी बूट घालून, घसरत. तीन मिनिटं लागली, वेंडेल."

वेंडेलनं कोकराच्या मानेवर हात ठेवला. 

"शेवटची मेंढी व्याली की तू जा. कुठे जाशील ते मला सांगू नकोस."

वेंडेलनं मान हलवली. त्याच्या हातातली बाटली खाली झुकली होती, आणि कोकरू ती परत तोंडात धरायला धडपडत होतं. नेडानं वाकून बाटली त्याच्याकडून घेतली आणि कोकराच्या तोंडात दिली.