सरांच्या परिसंवादातली घंटा

सरांच्या नावाचा पत्रकारितेचा परिसंवाद विद्यापीठात दरवर्षी भरतो आणि दरवर्षी राबतो मी. हॉल मिळवा, माइक तपासा, पाहुण्यांची उठबस करा. मुख्य भाषण कुणाचं, हे मात्र सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, ठरवतात. यंदा तरी आपला नंबर लागणार म्हणून मी नवा शर्टही शिवून घेतला होता. काकूंनी नाव घेतलं चिमणीचं.

चिमणी माझ्याच वर्गातली. आता संपादक झालीये, असेना का. सरांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी ती बसायची, म्हणून सर काय तिच्या एकटीचे झाले? पोटात दुखत होतं, सरळ सांगतो.

माझ्या वाट्याला आली घंटा. सरांच्या वर्गात बातमी उभं राहून सांगावी लागायची. वेळ संपली की सर टेबलावरची घंटा वाजवायचे. वाक्य अर्धं राहिलं तरी मुकाट खाली बसायचं, आणि उरलेलं पुन्हा बोलायचं नाही. मुख्य ते आधी सांगायला शिका, म्हणायचे. परिसंवादातही तोच नियम पाळतो आम्ही.

चिमणी बोलायला लागली आणि हॉल चिडीचूप झाला. काकू डोळे पुसत होत्या. इकडे माझ्या अंगाचा तिळपापड. तिची वेळ अजून बरीच शिल्लक होती.

"आमच्या वर्गातला खरा बातमीदार कोण, हे सरांनी मला शेवटच्या दिवसांत सांगितलं," ती म्हणाली. "ते नाव आज..."

आता ही स्वतःचीच टिमकी वाजवणार! मी घंटा वाजवली.

तिनं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खरंच खाली बसली. लोकांनी नाव विचारलं, तर तिनं नुसती मान हलवली. टाळ्या काही थांबेनात.

चहाच्या वेळी मी तिला गाठलंच. स्वतःचं कौतुक करायचं राहून गेलं वाटतं, असं खवचटपणे विचारलं. तिनं कप खाली ठेवला.

"बावळटा, तुझं नाव घेणार होते. एवढ्यासाठीच काकूंकडे हे भाषण मागून घेतलं होतं मी."

मग आता जाऊन सांग की सगळ्यांना, असं कसंबसं म्हणालो. घंटा झाली, म्हणाली, आणि कप उचलून निघून गेली.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांचे डोळे अजून ओलेच होते.

"कळलं ना रे तुला? तिचंच नाव होतं. स्वतःच्या तोंडानं कशी सांगणार बिचारी, म्हणून बसली."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आनंदानं हुरळून जायला हवं होतं मी. पण डोक्यात एकच घोळत राहिलं, की सर हे मला कधी बोलले नाहीत. बोलले ते तिच्याजवळ.