तळाची बाटली

शाळेच्या मुलांना ओळख करून देताना जावयाने तिला ‘होडीवाल्या बाई’ म्हटलं. ‘सासू’ म्हणाला नाही, ‘आई’ तर लांबच राहिलं. घरी ‘आई, अजून थोडं वाढा’ म्हणून ताट पुढे करणारा हा माणूस. पण शाळेची मुलं सोबत असली की त्याच्या जिभेला नातं जड व्हायचं.

म्हातारीने होडी धक्क्यापासून ढकलली. पुढची वल्ही आठवीतल्या दोन थोराड मुलींच्या हातात दिली आणि स्वतः मागे सुकाणूवर बसली. सात मुलं, त्यांचे शास्त्राचे मास्तर, म्हणजे तोच जावई, आणि ती. भरती नुकतीच सुरू झाली होती.

“नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे ही खाडी होते,” मास्तर सांगत होते. “इथे गोडं आणि खारं पाणी एकमेकांत मिसळतं.” त्यांनी काठावरून वाकून बाटली भरली आणि तिच्यात खारेपणा मोजायचा मीटर बुडवला. “बघा, जवळजवळ गोडंच. लिहून घ्या.”

मुलांनी लिहून घेतलं. म्हातारी फसकन हसली.

तिच्या हसण्याला कारण होतं. हा आकडा नुसता वहीत राहणार नव्हता. संध्याकाळी तो पाणीखात्याकडे जायचा होता आणि त्याच्या भरवशावर वस्तीला पिण्याचं पाणी नेणाऱ्या नव्या नळाचं तोंड इथेच, धक्क्याखाली टाकायचं ठरत होतं. तेही तळाला, म्हणजे ओहोटीला कोरडं पडायला नको. सकाळी चहा देताना तिने जावयाला सांगून पाहिलं होतं, “तळाला खारं असतं हो.” त्यावर तो कपातून डोकं वर न काढता म्हणाला होता, “आई, हे यंत्राचं काम आहे. तुम्ही फक्त होडी आणा.”

“आजी, तुम्ही हसलात का?” चष्मेवाल्या मुलीने विचारलं.

“तुमच्या सरांनी साय खाल्ली आणि दूध कसंय ते सांगितलं, म्हणून.”

मुलं खुसखुसली. मास्तर म्हणाले, “बाई, आपण नंतर बोलू.”

“नंतर कशाला? पाणी आत्ता आहे.”

चाळीस वर्षं तिने मासेमारीच्या होड्यांना पिण्याचं पाणी पुरवलं होतं. याच खाडीतून, पिंपं भरभरून. त्याची रीत होती. ओहोटी सरता सरता जायचं, घागर आडवी धरायची आणि वरचं पाणी नुसतं आत ओढून घ्यायचं, बुडवायची नाही. नवी नवरी असताना पहिल्याच दिवशी तिने घाईने घागर खोल बुडवली होती. सासू रागावली नाही. पिंपातून तांब्या भरून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “पी.” एका घोटात सगळा धडा झाला. मग चार होड्यांची माणसं बघत असताना तिने ते पिंप स्वतःच्या हाताने उपडं केलं होतं. ती लाज तिला अजून आठवत होती आणि तिचा उपयोगही.

“मला सांग,” ती चष्मेवालीला म्हणाली, “भरलेली होडी खाडीच्या तोंडाशी दोन बोटं वर तरंगते आणि नदीकडे आली की तेवढीच खाली बसते. माल तोच, माणसं तीच. असं का?”

मुलीने वल्ही मारणाऱ्यांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. “खारं पाणी जास्त जड असतं. ते जास्त उचलून धरतं.”

“घनता,” मास्तरांच्या तोंडून सवयीने निघालं.

“तेच ते. जड असेल ते कुठे जाऊन बसेल?”

“तळाला,” चार आवाज एकदम आले.

म्हातारीने फळीखालून बारीक गळ्याची बाटली काढली. तिला शिशाचं वजन बांधलेलं होतं आणि बुचाला वेगळी दोरी. बूच घट्ट दाबून तिने बाटली सोडली. बाटली तळाला टेकून दोरी सैल पडली तसा बुचाच्या दोरीला हिसका दिला. बुडबुडे वर आले. ते थांबल्यावर तिने बाटली हळूहळू ओढून घेतली.

मीटरवरचा आकडा भराभर चढला.

“सर, मीटर बिघडला?”

“बहुतेक,” मास्तर म्हणाले. त्यांनी तो धुतला, पुसला, पुन्हा बुडवला. आकडा तोच. त्यांचे कान लाल झाले.

“यंत्राचं काही चुकलेलं नाही,” ती म्हणाली. “घ्या, जिभेला लावून बघा.”

मास्तरांनी लावलं. त्यांचं तोंड वाकडं झालं आणि मुलांनी खाली माना घातल्या, हसू दाबायला.

“पण मग वरचं गोडं कुठून येतं?” वल्ह्यावरच्या मुलीने विचारलं.

“ती डोंगराची कड दिसते? कडेच्या अलीकडे पडलेला थेंब ओढ्याओढ्यांनी आपल्याकडे येतो. पलीकडे पडला तर दुसऱ्या कुणाच्या नदीत. आपल्या बाजूची झाडं तोडली, आता पाऊस गेला की पाणी डोंगरात थांबतच नाही. नदी रोडावली की समुद्र आत घुसतो. माझ्या तरुणपणी या दिवसांत खारं तिकडे, तोंडाकडच्या त्या लाल खांबापाशी थांबायचं. आज धक्का ओलांडून वर गेलंय. गोडं वरून जातं समुद्राकडे आणि त्याच्या पोटाखालून हे येतं चोरासारखं.”

मुलं भराभर लिहीत होती. आता मास्तरही लिहीत होते.

होडी धक्क्याला लागली. मुलं उतरली. मास्तर होडीतच फळीवर उभे राहिले, घसा खाकरला आणि मुलांना म्हणाले, “या… या माझ्या सासूबाई आहेत.”

म्हातारीने दोरी खांबाला दोन वेढे देऊन आवळली. मगच मान वर केली.

“राहू द्या, जावईबापू. होडीवाली म्हणालात त्यात खोटं काही नव्हतं. पण मुलगी देताना मी तुमची चौकशी चार घरी केली होती. पहिल्या घरी चांगलं ऐकलं म्हणून परतले नव्हते. तुम्ही एक बाटली भरलीत आणि अख्ख्या वस्तीला पाणी पाजायला निघालात. तो कागद फाडा. नवा लिहा, वरचा आकडा वेगळा, तळाचा वेगळा, आणि तळाची बाटली सासूने काढली हेही लिहा. ते लिहून आणलंत की जेवायला या. तोवर तुम्ही माझ्या होडीतले उतारू. उतरा.”