न्यायला कुणी आलं नाही

मित्रांनो, माझी किनार उसवली आहे, निळे पट्टे विटून राखाडी झाले आहेत, तरी मी अजून अंथरली जाते. मी कोल्हापुरातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीची जुनी सतरंजी. इलाहीभाई नावाच्या विणकराने मला हातमागावर विणलं. मंडळीतल्या बायका रोज रांधताना मूठभर तांदूळ बाजूला काढायच्या. ते विकून साठलेल्या पैशांतूनच त्यांनी मला विकत घेतलं.

एका घरी मुक्काम करणं मला ठाऊकच नव्हतं. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असायची. पुढची सभा ज्या घरी, त्या घराने येऊन मला न्यायचं, अशी रीत. माझ्यावर भजनं झाली, भांडणं मिटली, आणि तान्ह्या लेकरांनी मला खुशाल भिजवलं. पावणे हात फिरवून म्हणायचे, "सतरंजी झकास हाय की." मी फुगून जायचे.

सत्तर सालाच्या सुमारास मी मंगळवार पेठेत शालूबाईंच्या घरी होते. सभा झाली आणि त्याच आठवड्यात त्यांचे यजमान सयाजी काविळीने गेले. माती द्यायला सगळी मंडळी आली, दोन दिवस भाकरी-कालवण आणलं, आणि मग आपापल्या घरी गेली.

पुढची सभा मंडळीतल्या वयस्कर धोंडुबाईंकडे होती. बुधवार आला तसं शालूबाईंनी मला झटकून दाराशी ठेवलं. न्यायला कुणी आलं नाही. पुढच्या बुधवारीही नाही. दाराबाहेर चप्पल वाजली की मला वाटायचं, आले! पण पावलं पुढे निघून जायची. घडीत माझा जीव गुदमरायचा, कसर लागेल म्हणून धास्ती वाटायची. शालूबाईंची चिमुरडी रूथ विचारायची, "आई, आपण सभेला कवा जायचं?"

"बोलावलंय का कुणी?" शालूबाई म्हणायच्या. "देव हाय की आपल्यापाशी. माणसं कशाला पायजेत?"

शेवटी एका बुधवारी त्यांनी मला घरातच अंथरलं. मायलेकी प्रार्थनेला बसल्या. रूथ मात्र अगदी कडेला, अर्धी फरशीवर.

"मधी बस की गं. एवढी जागा हाय."

"तिथं धोंडुआत्ती बसती," रूथ म्हणाली.

शालूबाई कितीतरी वेळ माझ्या मोकळ्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग ताडकन उठल्या, मला गुंडाळून काखेत मारलं आणि रूथचं बोट धरून धोंडुबाईंच्या घरी निघाल्या. फिरत फिरत त्या दिवशीची सभा पुन्हा तिथेच आली होती.

सगळे गोणपाटावर बसले होते. शालूबाईंना बघून भजन थांबलं.

"घ्या तुमची सतरंजी," शालूबाई म्हणाल्या. "न्यायला कुणाला सवड न्हाय, म्हणून मीच आणली."

धोंडुबाई गडबडल्या. "तसं न्हवं गं शालू. तुझं दुःख ताजं. सतरंजीचा तगादा घेऊन दारात कसं यायचं, असं वाटलं."

"आत्ती, दुःख ताजं असतंय तवाच यायचं. शिळं झाल्यावर येऊन काय उपेग?"

म्हातारे पिराजी कोपऱ्यातून म्हणाले, "पोरगी खरं बोलती. आपुन देवाकडं तिच्यासाठी मागणं मागितलं, अन् तिच्या दारावरनं मुकाट गेलो."

धोंडुबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला अंथरू मात्र दिलं नाही. "उठा समदी. आजची सभा शालूच्या घरी." त्यांनी मला डोक्यावर घेतलं, शेजारणीने चुलीवरचं चहाचं पातेलं फडक्यात धरलं, आणि अख्खी मंडळी गल्लीतून निघाली.

त्या संध्याकाळी शालूबाईंना गाता आलं नाही. त्या नुसत्या रडल्या. त्यांच्या वाटणीचं भजन बाकीच्यांनी म्हटलं. मधल्या पट्ट्यावर धोंडुबाई बसल्या आणि त्यांच्या मांडीवर रूथ झोपून गेली.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, उसवलेली किनार शिवा, पण घडी घालून ठेवू नका. आणि एखादं माणूस सभेत दिसेनासं झालं, तर देव त्याच्याजवळ आहे म्हणून निवांत बसू नका. देव असतोच. तुम्ही जा.