गाइडचा दांडा

चौथा तुकडाही तिरका कापला गेला. यंत्र-करवतीची पट्टी नवी घातली होती, ताण दोनदा तपासला होता, पट्टी दोन बाजूंनी सरळ धरणाऱ्या गाइडची बेअरिंगं तिला जेमतेम टेकतील इतकी जवळ आणली होती. तरी तीन इंची सळईत काप दोन मिलिमीटर सरकत होता. मी पाना आपटला.

शेजारच्या लेथवरून माझा मेहुणा उठून आला.

"दाजी, दोन गाइडमध्ये हातभर अंतर ठेवलंय. पट्टी मधे वाकणारच. डाव्या गाइडचा दांडा सळईजवळ आणा की."

"तो राहू दे."

"राहू दे म्हणजे? मग काय सळई तिकडे नेऊ?"

"तुझ्या ताईने लावलाय तो."

कापायचं काम तीच करायची. शेवटचा जाड पाइप कापला, दांड्याची मूठ आवळली आणि घरी गेली, ती परत आली नाही. ती वारल्यापासून अडीच महिने मी त्या मुठीला फडकंसुद्धा लावलं नव्हतं.

"ताई तर दर कामाला दांडा सरकवायची," तो म्हणाला. "हा असा पाहिला असता तर तुमची काही खैर नव्हती."

मला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं. मूठ सुटेना. ती नेहमीच जास्त आवळायची आणि मी ओरडायचो. आताही तोंडात शिवी आलीच. शेवटी हातोडीने ठोकून मूठ सोडवली, दांडा सळईपाशी आणला आणि पाचवा तुकडा कापला.

गुण्या लावून पाहिला. काप सरळ होता. दांडा आधी कुठे होता, त्याची खूण करून ठेवायचंही मला सुचलं नव्हतं.